बदकांची रात्र आणि अर्ध्या इंचाची जाळी

पुण्याच्या आसपास धायरी, भूगाव, पिरंगुट, मांजरी या भागांत बंगल्याच्या किंवा फार्महाउसच्या आवारात चार-सहा बदकं पाळणारे हल्ली बरेच दिसतात. खाकी कॅम्पबेल जातीची चांगली मादी वर्षाला अडीचशे-तीनशे अंडी देते, बागेतल्या गोगलगायी फस्त करते आणि कोंबडीपेक्षा आजारीही कमी पडते. सगळं छान चाललेलं असतं. मग एका सकाळी त्यातल्या कुणाचा तरी फोन येतो. सहाच्या सहा मेली. खाल्लंय मात्र एकच, तेही अर्धवट. पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "खायची नव्हती, तर मारली कशाला?"

हान्स क्रूक या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९७२ मध्ये नेमका हाच प्रश्न घेऊन एक शोधनिबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर जमिनीवर घरटी करणारे कुरव पक्षी खोकडांनी एका रात्रीत ढिगाने मारलेले त्याने पाहिले होते. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत एका काळ्याकुट्ट, वादळी रात्री तरसांनी ८२ गॅझेल हरणं मारली आणि त्यातली थोडीच खाल्ली, हेही त्याने नोंदवलं होतं. दोन्हीकडे एक गोष्ट सारखी होती. रात्र गडद अंधारी होती आणि भक्ष्य जागचं फारसं हललं नव्हतं. क्रूकचं म्हणणं असं, की शिकार ही एकसंध क्रिया नाही. शोधणं, दबा धरणं, मारणं आणि खाणं या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येकीला चालना देणारी गोष्ट वेगळी आहे. पोट भरलं की शोध थांबतो. पण भक्ष्य समोरच फडफडत राहिलं, तर मारण्याची प्रेरणा भुकेची वाट बघत नाही. रानात याने काही बिघडत नाही, कारण पहिला पक्षी पकडला जाताच बाकीचे उडून जातात. खुराड्यात उडून जाणार कुठे?

म्हणूनच अर्धवट बंद खुराडं हे खुराडं नसल्यापेक्षा वाईट. अंगणात मोकळी झोपलेली बदकं असतील तर एक जाईल, बाकीची अंधारात कुठेतरी पांगतील. चार बाय सहाच्या पेटीत मात्र आत यायला एक फट आहे आणि बाहेर पडायला वाट नाही, अशी स्थिती असते. पुण्यात मी पाहिलेल्या बहुतेक खुराड्यांचा दोष हाच. तीन बाजू भक्कम आणि चौथीकडे 'सध्या पुरतं' म्हणून बांधलेलं शेडनेट.

बदक स्वतः काही करत नाही असं मात्र नाही. आपली बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकाची वंशज आहेत (मस्कोव्ही तेवढं दुसऱ्या रानबदकापासून आलेलं), आणि मॅलार्डची झोप हा एक अजब प्रकार आहे. नील्स रॅटनबोर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मॅलार्ड ओळीत झोपवून त्यांच्या मेंदूतल्या लहरी मोजल्या. हा अभ्यास १९९९ मध्ये 'नेचर'मध्ये आला. ओळीच्या मधली बदकं बऱ्यापैकी निर्धास्त झोपत. टोकाची बदकं मात्र एक डोळा उघडा ठेवून झोपत, आणि तो डोळा बहुतेक वेळ कळपाच्या उलट दिशेला, म्हणजे जिकडून धोका येऊ शकतो तिकडे असे. उघड्या डोळ्याशी जोडलेला मेंदूचा अर्धा भाग जागा, दुसरा झोपेत. आपल्या बदकांमध्येही हे बघता येतं. दुपारी सावलीत ती ओळीने बसली की काठावरच्या बदकाकडे लांबून नीट बघा. बाहेरच्या बाजूचा डोळा सताड उघडा, आतल्या बाजूचा खालच्या पापणीने झाकलेला. थोड्या वेळाने ते उठून वळून बसतं आणि डोळ्यांची अदलाबदल होते.

पण जागं राहून उपयोग तेव्हा, जेव्हा पळता येतं. मॅलार्ड रात्री बहुधा पाण्यावर असतो. कोणी पोहत आलं तर पाणी हलतं, आणि एका झेपेत त्याला उडता येतं. खाकी कॅम्पबेलला धड उडता येत नाही आणि आपल्या आवारातला प्लास्टिकचा टब म्हणजे काही पाषाणचा तलाव नव्हे. टबमध्ये बदकं सुरक्षित राहतील, असा सल्ला कोणी दिला तर सोडून द्या.

कोंबड्या पाळलेल्यांना इथे आणखी एक धक्का बसतो. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे दिवेलागणीला ती आपण होऊन खुराड्यात जाते आणि उंच दांडीवर बसते. बदकाला अंधाराची तेवढी अडचण वाटत नाही. चोचीच्या कडेला आणि टोकाला स्पर्शाची असंख्य सूक्ष्म ग्राहकं असतात, त्यांच्या जोरावर ते काळोखातही चिखल चाळत बसतं. संध्याकाळ झाली म्हणून घरी जावं, असं त्याला मुळीच वाटत नाही. त्याला न्यावं लागतं. रोज एकाच वेळी तोच डबा वाजवला आणि आत मूठभर खाद्य टाकलं, की आठवडा-पंधरवड्यात ती रांगेने येऊ लागतात. फक्त वेळ घड्याळावर ठेवू नका. पुण्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातला. आपल्या अक्षांशावर संधिप्रकाशही थोडाच वेळ टिकतो, अर्ध्या तासात मिट्ट काळोख. उजेडावर चालणारी स्वयंचलित दारं बाजारात मिळतात; ती कोंबड्यांना ठीक आहेत. बदकांच्या बाबतीत दार वेळेवर बंद होतं आणि दोन बदकं बाहेर राहतात. शेवटी हाताने मोजूनच कडी लावावी लागते.

आता येणारे कोण, ते बघू. इंटरनेटवर शोधलं तर निम्मे सल्ले रॅकूनपासून बचावाचे निघतात. रॅकून हा अमेरिकेतला प्राणी, आपल्याकडे तो नाही. आपल्याकडे मुंगूस आहे आणि प्रत्येक रात्रीच्या हत्येचा आळ त्याच्यावर येतो, पण मुंगूस मुख्यतः दिवसा फिरणारा प्राणी आहे. रात्री दोन वाजता बदक गेलं असेल तर संशयित दुसरा शोधावा.

त्यात पहिलं नाव उदमांजराचं. टेकड्यांच्या कडेने, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर, बंगल्यांच्या पोटमाळ्यात ते माणसाच्या इतक्या जवळ राहतं, की कित्येकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. त्याचा मुख्य आहार फळं. उंबर, जांभूळ, पपई. गच्चीच्या कठड्यावर बियांनी गच्च भरलेली विष्ठा दिसली तर बहुधा त्याचीच. पण उंदीर, पक्षी, अंडी मिळाली तर ते सोडत नाही आणि झाडावर चढण्यात पटाईत असल्यामुळे खुराड्यावर आलेली आंब्याची फांदी हा त्याचा जिना असतो. रात्री अंगणात अचानक आंबेमोहोर शिजत असल्यासारखा वास आला, तर स्वयंपाकघरात जाऊन बघण्याआधी झाडाकडे बघा. या कुळातल्या बिंटुरोंगच्या मूत्रात सुवासिक तांदळाला वास देणारं तेच संयुग सापडलं आहे, '२-असिटिल-१-पायरोलिन'. मुळशीच्या तांदळाची आणि या निशाचरांची अशी ओळख असेल असं कोणाला वाटलं असतं?

दुसरी पाहुणी वाघाटी. जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांपैकी ही एक, वजन किलो-दीड किलो, म्हणजे आपल्या पावणेदोन किलोच्या बदकापेक्षाही कमी. जुन्नर भागात उसाच्या फडात ऊसतोडणीच्या वेळी तिची पिल्लं सापडतात आणि पुष्कळदा ती बिबट्याची समजून गोंधळ उडतो. मोठं बदक तिला जड जाईल, पिल्लं मात्र सहज. त्याच पट्ट्यात, जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे, खऱ्या बिबट्याचा वावर आहे. तिथे खुराडं घराच्या भिंतीला लागून असावं आणि रात्री एकट्याने बघायला जाऊ नये, एवढं पुरे.

घुशीकडे लोक दुर्लक्ष करतात. ती मोठ्या बदकाला काही करत नाही, पण अंडी आणि पिल्लं बिळात ओढून नेते. त्याहून वाईट म्हणजे तिने खणलेलं बीळ मागाहून नाग किंवा धामण वापरते. अंडं गायब आणि कवचाचा तुकडाही नाही, तर साप किंवा घूस. पिसं चहूकडे उधळलेली, बदकं फाटलेली, पण खाल्लेली नाहीत, तर बहुधा कुत्री. स्पष्टच सांगायचं तर पुण्याच्या हद्दीत बदकांचा सर्वांत मोठा शत्रू जंगली नाहीच. रात्री टोळीने फिरणारी भटकी कुत्री पातळ जाळी दातांनी फाडतात आणि त्यांची संख्या जवळच्या उकिरड्यावर ठरते.

यांपैकी कुणालाही सापळा लावणं किंवा विष घालणं हा मार्ग नाही. उदमांजर, मुंगूस, वाघाटी, बिबट्या, सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी त्यात शहाणपण नाही. एक प्राणी हटवला की त्याचा मोकळा झालेला इलाका लवकरच दुसरा घेतो, आणि खुराड्याची फट जिथल्या तिथे असते. एखादा प्राणी आवारात अडकला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं.

राहता राहिलं खुराडं. हार्डवेअरच्या दुकानात 'कोंबडीची जाळी' म्हणून जी षट्कोनी जाळी मिळते, ती कोंबडी आत ठेवते. कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. शिवाय तिच्या भोकातून पंजा आत जातो आणि जाळीला टेकून झोपलेल्या बदकाची मान बाहेरून धरली जाते. सकाळी मुंडकं नसलेलं बदक सापडतं ते पुष्कळदा असं. वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी घ्या, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची. महाग पडते, पण दुसरा पर्याय नाही. या भोकातून उंदीर येत नाही. सापाचं छोटं पिल्लू येईल, पण बदकाचं अंडं गिळण्याइतका मोठा साप येणार नाही. जाळी चौकटीला खिळे वाकवून ठोकू नका, वॉशर घालून स्क्रू लावा. कुत्रं जाळीला नाही, तिच्या कडेला भिडतं.

खणणाऱ्यांची एक सवय आपल्या फायद्याची आहे. कुत्रा किंवा कोल्हा भिंतीपाशी येतो आणि अगदी भिंतीच्या पायथ्याशीच उकरायला लागतो. दोन फूट मागे सरकून तिथून बोगदा काढावा, हे त्याला सुचत नाही. म्हणून खुराड्याभोवती दोन फूट रुंदीची शहाबादी फरशी आडवी टाकली की काम होतं. घूस मात्र लांबून बीळ आणते, तिच्यासाठी आतल्या जमिनीला कोबाच हवा. आणि पत्र्याचं छप्पर असेल तर नागमोडी पत्रा भिंतीवर टेकतो तिथल्या फटी बघा. प्रत्येक लाटेखाली एक भोक राहतं. खालची जाळी कितीही भक्कम असली, तरी घुशी-उंदरांचा रस्ता तिथूनच असतो. दाराला साधा आकडा नको, दार हलवलं की तो उसळून निघतो. कडी-कोयंडा आणि त्यात स्प्रिंगचा हुक.

सगळं बंद करायचं म्हणून प्लास्टिकचा कागद गुंडाळणारेही आहेत. तसं करू नये. बदकाची विष्ठा पातळ असते, श्वासातूनही भरपूर बाष्प निघतं, त्यामुळे बंद खोलीत रात्रभरात अमोनिया साठतो आणि खाली अंथरलेलं तूस ओलं होऊन बुरशी धरतं. ती बुरशी त्यांच्या फुप्फुसात जाते. छपराखाली समोरासमोर दोन मोठे झरोके, त्यांना तीच अर्ध्या इंचाची जाळी, आणि दर बदकामागे चार चौरस फूट जागा. सकाळी दार उघडल्यावर उभं राहून वास घेऊ नका. गुडघ्यावर बसून डोकं बदकाच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर तूस बदलायला हवं.

रात्रभर प्रखर दिवा लावून काही साधत नाही. भटक्या कुत्र्यांना तो चार दिवसांत सवयीचा होतो, बदकांची झोप मात्र बिघडते. अपवाद दिवाळीचा. फटाक्यांनी दचकलेली बदकं अंधारात एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. मंद दिवा असेल तर त्यांना भिंतीचा अंदाज राहतो. खाद्याचं भांडं मात्र रात्री बाहेर ठेवू नका. सांडलेले दाणे घुशीला बोलावतात, आणि घुशीमागून कोण येतं ते वर आलंच आहे.

सकाळी दार उघडायची घाईही नको. बदकं बहुतेक अंडी पहाटे ते आठ-नऊच्या दरम्यान घालतात, आणि लवकर सोडली तर ती झुडपात कुठेही घालून मोकळी होतात, तिथून कावळे उचलतात. नऊला सोडा. मुंगुसाची पाळी तोवर सुरू झालेली असते, त्यामुळे पिल्लं असतील तर ती पुरेशी मोठी होईपर्यंत जाळी लावलेल्या आवारातच फिरू द्या, आणि त्या आवारालाही वरून जाळी घाला.