विद्यापीठ कर्मचाऱ्यांचे विविधता प्रशिक्षण

वंश, जात, लिंग, धर्म, भाषा, वय, अपंगत्व, लैंगिक ओळख किंवा आर्थिक पार्श्वभूमी यांमुळे विद्यापीठात काम करणाऱ्या कोणावर अन्याय होऊ नये आणि प्रत्येकाला नोकरीत पुढे जाता यावे, यासाठी कर्मचाऱ्यांना दिले जाणारे प्रशिक्षण. अध्यापक, संशोधक, विभागप्रमुख, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृह अधीक्षक, परीक्षा विभागातील लिपिक, सुरक्षारक्षक असे सर्वच त्यात येतात. निदान यायला हवेत. या प्रशिक्षणात दोन प्रवाह एकत्र आले आहेत. पहिला भेदभावविरोधी कायद्यांतून आला, तर दुसरा व्यावसायिक विकासाच्या उद्बोधन वर्गांतून, उजळणी वर्गांतून आणि कार्यालयीन कौशल्यांच्या शिबिरांतून. बहुतेक विद्यापीठांत ही दोन कामे दोन वेगळे विभाग पाहतात. त्यामुळे समतेचे सत्र एकीकडे होते आणि पदोन्नतीसाठी लागणारे प्रशिक्षण दुसरीकडे. या क्षेत्रातल्या बऱ्याच अपयशांची सुरुवात याच फारकतीत आहे.

विद्यापीठाचे वेगळेपण

कारखान्यात किंवा बँकेत कोणाला घ्यायचे आणि कोणाला बढती द्यायची, हे वरिष्ठ अधिकारी ठरवतो. विद्यापीठात हे निर्णय प्रामुख्याने सहकाऱ्यांच्या समित्या घेतात, त्यामुळे जबाबदारी अनेकांत वाटली जाते आणि शेवटी कोणाचीच उरत नाही. शिफारसपत्रे गोपनीय असतात. ‘गुणवत्ता’ हा निकष सर्वांना मान्य असला, तरी तिची मोजमापे विभागागणिक बदलतात. संशोधक विद्यार्थ्याचे शिक्षण, शिष्यवृत्ती आणि पुढची नोकरी अनेकदा एकाच मार्गदर्शकाच्या मर्जीवर अवलंबून असते. त्याने अपमान केला, तरी तक्रार करण्याची किंमत फार मोठी असते.

शिक्षक आणि शिक्षकेतर ही उतरंड तर जवळपास सर्वत्र आढळते. वीस वर्षे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सहायकाचे मत नुकत्याच रुजू झालेल्या प्राध्यापकाच्या मतापुढे सहज बाजूला पडते. विविधतेची चर्चा करताना ही दरी वगळली, तर चर्चा अर्धीच राहते.

इतिहास

सामाजिक मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1946च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात घेतलेली कार्यशाळा ही या प्रशिक्षणाची एक महत्त्वाची सुरुवात मानली जाते. वांशिक तणाव कमी करण्यासाठी काम करणाऱ्या लोकांना तयार करणे हा तिचा हेतू होता. दिवसभर गटांत काय घडले याच्या नोंदी निरीक्षक ठेवत आणि संध्याकाळी संयोजक त्यांवर चर्चा करत. काही प्रशिक्षणार्थींनी त्या चर्चेला बसू देण्याची विनंती केली आणि लेविन यांनी ती मान्य केली. स्वतःच्या वागण्याविषयीची नोंद कानावर पडताच प्रशिक्षणार्थी मध्येच बोलू लागले, ‘असे झाले नव्हते’ म्हणून हरकत घेऊ लागले, आणि त्या वादातून दिवसाच्या आखीव सत्रांपेक्षा जास्त शिकता येते हे सर्वांच्या लक्षात आले. लेविन 1947च्या फेब्रुवारीत वारले; त्याच वर्षी मेन राज्यातील बेथेल येथे या पद्धतीची राष्ट्रीय प्रशिक्षण प्रयोगशाळा सुरू झाली. आपण कसे वागलो हे इतरांकडून ऐकणे, ही आजच्या चांगल्या कार्यशाळांमधलीही मूळ कल्पना आहे.

अमेरिकेच्या 1964च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतील भेदभावाला बंदी केली, पण शिक्षणसंस्थांमधील अध्यापनकार्याशी संबंधित नोकऱ्या तिच्या कक्षेबाहेर ठेवल्या होत्या. ही सूट 1972च्या दुरुस्तीने काढली. म्हणजे प्राध्यापकांच्या नेमणुका कायद्याच्या कक्षेत यायला आणखी आठ वर्षे जावी लागली. पुढे 1998मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने लैंगिक छळाच्या दोन खटल्यांत मालकाच्या जबाबदारीचे नियम स्पष्ट केले. छळ रोखण्यासाठी वाजवी काळजी घेतल्याचे काही परिस्थितींत मालकाला बचावासाठी दाखवता येते, असे ठरल्यावर प्रशिक्षणाला कायदेशीर ढालीचे रूप आले. हजेरीपट आणि प्रमाणपत्र यांना आलेले अवास्तव महत्त्व बरेचसे याच काळातले आहे, आणि त्याने या कामाचे नुकसान केले आहे.

ब्रिटनमध्ये 2010च्या समता कायद्याने वय, लिंग, वंश, धर्म, अपंगत्व अशा नऊ वैशिष्ट्यांना भेदभावापासून संरक्षण दिले आणि सार्वजनिक संस्थांवर समतेचे दायित्व टाकले. त्याआधीच, 2005मध्ये, विज्ञान क्षेत्रातील स्त्रियांच्या प्रगतीसाठी ‘अथीना स्वान’ सनद सुरू झाली होती. तिच्या मानांकनासाठी विद्यापीठाला आपल्या नेमणुका आणि बढत्यांचे आकडे तपासून कृती आराखडा द्यावा लागतो. भारतात 2013च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने कर्मचाऱ्यांसाठी जाणीवजागृती कार्यक्रम आणि छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी प्रशिक्षण ही मालकाची कर्तव्ये ठरवली.

व्यावसायिक विकासाचा प्रवाह याहून जुना आहे. हार्वर्ड विद्यापीठाने 1880मध्ये अध्यापकांसाठी सुरू केलेली अभ्यासरजा ही त्यातली सुरुवातीची पायरी समजली जाते. मिशिगन विद्यापीठाने 1962मध्ये अध्यापन आणि अध्ययनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्र उभारले. अशा केंद्रांचा भर दीर्घकाळ वर्गात कसे शिकवावे यावर होता. वर्गात बसलेले सगळे सारख्या परिस्थितीतून आलेले नाहीत, ही जाण त्यात नंतर आली.

आशय आणि पद्धती

नेहमीच्या अभ्यासक्रमात कायद्यांची ओळख, छळाच्या तक्रारींची प्रक्रिया, नकळत काम करणारे पूर्वग्रह, अपंग सहकाऱ्यांसाठी करायच्या सोयी आणि अन्याय होताना पाहणाऱ्याने काय करावे, हे विषय असतात. सर्वांत ठोस परिणाम मात्र निवड समितीच्या सदस्यांसाठी घेतलेल्या सत्रांतून दिसण्याची शक्यता असते, कारण तिथे शिकलेले लगेच वापरायचे असते.

असे सत्र नीट घेतले, तर ते असे चालते: सदस्यांना अर्ज दाखवण्यापूर्वीच निकष आणि त्यांचे गुण लेखी ठरवायला सांगतात. मग दोन नमुना अर्ज देतात. एका उमेदवाराकडे पदव्या अधिक, दुसऱ्याकडे अनुभव अधिक. प्रत्येकाने आधी स्वतंत्रपणे गुण द्यायचे, नंतरच चर्चा करायची. चर्चेत ‘आपल्या विभागात रुळेल असे वाटत नाही’ असे कोणी म्हणाले, की सुलभक, म्हणजे सत्र चालवणारा, थांबवून विचारतो: हे कोणत्या निकषाखाली बसते? बहुतेक वेळा उत्तर मिळत नाही, आणि समितीने ते स्वतःच्या तोंडून कबूल करणे हाच त्या दुपारचा खरा धडा असतो.

या रचनेमागे संशोधनाचा आधार आहे. 2005मध्ये प्रसिद्ध झालेल्या एरिक उलमन आणि जेफ्री कोहेन यांच्या अभ्यासात पोलीस प्रमुखाच्या पदासाठी उमेदवार तपासायला दिले होते. पुरुष उमेदवाराकडे जे गुण असतील तेच या पदाला महत्त्वाचे, असे सहभागी लोक ठरवत होते. अनुभव असेल तर अनुभव, शिक्षण असेल तर शिक्षण. निकष आधी ठरवून घेतल्यावर हा भेदभाव नाहीसा झाला. कोरीन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांच्या 2012मधील प्रयोगात विज्ञानाच्या 127 प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज दिला होता, फक्त काहींवर ‘जॉन’ आणि काहींवर ‘जेनिफर’ असे नाव होते. जॉन अधिक सक्षम ठरला, आणि त्याला सुचवलेले वार्षिक वेतन सुमारे 30,200 डॉलर, तर जेनिफरला सुमारे 26,500 डॉलर होते. स्त्री प्राध्यापकांचे मूल्यमापनही पुरुष प्राध्यापकांसारखेच निघाले. त्यामुळे समितीत एक स्त्री सदस्य घेतली की काम झाले, हा समज टिकत नाही.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण यापेक्षा खूप दुर्लक्षित आहे. विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी पहिला संबंध अनेकदा प्रवेश खिडकीशी येतो. अर्जातले नाव आणि समोरच्या व्यक्तीचे रूप जुळत नसेल तर मोठ्या आवाजात चौकशी करायची की कागद हातात घेऊन हळू विचारायचे. दृष्टिहीन विद्यार्थ्याच्या लेखनिकाची परवानगी किती दिवस आधी आणि कोणाच्या सहीने द्यायची. शिष्यवृत्तीच्या यादीतली नावे सूचनाफलकावर लावायची की नाही, हे प्रश्न तिथे रोज येतात. सामान्य व्याख्यानाने त्यांची उत्तरे मिळत नाहीत. त्या टेबलावर येणारी खरी प्रकरणे, नावे झाकून, समोर ठेवून कर्मचाऱ्यांनाच बोलते करावे लागते. त्यांना स्वतःला मिळणाऱ्या वागणुकीविषयी बोलायलाही तिथे जागा हवी. ज्याला विभागात कोणी नावाने हाक मारत नाही, त्याने इतरांशी आदराने कसे वागावे एवढेच शिकवणे अन्यायाचे आहे.

परिणामकारकता

या प्रशिक्षणाने खरोखर काय बदलते, यावर बरेच काम झाले आहे, आणि त्यातले निष्कर्ष सुखावणारे नाहीत. अलेक्झांड्रा कालेव्ह, फ्रँक डॉबिन आणि एरिन केली यांनी 708 अमेरिकी खासगी आस्थापनांची तीन दशकांची माहिती तपासून 2006मध्ये मांडले, की पूर्वग्रह कमी करण्यासाठी दिलेल्या प्रशिक्षणाने व्यवस्थापकपदांवरील विविधता फारशी वाढत नाही. जिथे विविधता वाढवण्याची जबाबदारी ठरावीक व्यक्तीवर किंवा गटावर टाकलेली होती तिथे चित्र बदलले, आणि अशा ठिकाणी प्रशिक्षणाचाही उपयोग वाढला. नकळत पूर्वग्रह मोजण्याची चाचणी 1998मध्ये प्रसिद्ध झाली आणि लवकरच प्रशिक्षणांत लोकप्रिय ठरली. पण 492 अभ्यास एकत्र करून 2019मध्ये केलेल्या विश्लेषणात असे दिसले, की या चाचणीतले गुण बदलले तरी वागणे त्याप्रमाणे बदलतेच असे नाही. मन आधी बदलेल आणि वागणे आपोआप मागून येईल, या अपेक्षेवर उभे असलेले कार्यक्रम इथेच कोसळतात.

विद्यापीठांतले दोन प्रयत्न मात्र लक्षपूर्वक पाहावेत असे आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 2001मध्ये विज्ञान क्षेत्रातील स्त्रियांसाठी ‘अ‍ॅडव्हान्स’ योजना सुरू केली. तिच्या मदतीने मिशिगन विद्यापीठात 2002मध्ये ज्येष्ठ, नामवंत प्राध्यापकांचीच एक समिती तयार झाली. त्यांनी पूर्वग्रहांवरील संशोधन स्वतः वाचले आणि नेमणुका करणाऱ्या सहकाऱ्यांपुढे ते मांडले. वैज्ञानिकाला पुरावा वैज्ञानिकाकडून ऐकायला मिळाला, म्हणून त्याला वजन आले.

विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात 92 विभागांची यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, विभागणी करून निम्म्यांना अडीच तासांची कार्यशाळा देण्यात आली. तिथे पूर्वग्रहाकडे प्रयत्नाने मोडता येणारी सवय म्हणून पाहिले होते. पुढच्या दोन वर्षांत कार्यशाळा मिळालेल्या विभागांत नव्या नेमणुकांमधील स्त्रियांचे प्रमाण अंदाजे 18 टक्के बिंदूंनी वाढले, तर इतर विभागांत ते जवळपास तसेच राहिले. हा निष्कर्ष निव्वळ योगायोग नाही हे ठरवणाऱ्या संख्याशास्त्रीय निकषाच्या काठावरच होता, म्हणून त्यावर मोठे दावे करू नयेत. तरीही विभाग हे एकक धरणे आणि शेवटी नेमणुकांचा आकडा पाहणे, या दोन गोष्टींमुळे तो प्रयोग उठून दिसतो. बहुसंख्य विद्यापीठे सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या अभिप्रायपत्रावरच समाधान मानतात. वक्ता आवडला, चहा वेळेवर आला, एवढेच त्यातून कळते.

आक्षेप आणि वाद

सक्तीच्या प्रशिक्षणाने चिडलेली माणसे आणखी दुरावतात, हा आक्षेप संशोधकांनीही घेतला आहे. दुसरा आक्षेप कामाच्या वाटणीचा आहे. मानसशास्त्रज्ञ अमादो पादिया यांनी 1994मध्ये दाखवले, की अल्पसंख्य समूहांतील अध्यापकांवर प्रत्येक समितीत बसण्याचा, प्रत्येक विद्यार्थ्याला धीर देण्याचा आणि समूहाच्या वतीने बोलण्याचा वेगळा भार पडतो. बढतीच्या वेळी तो मोजला जात नाही. या अध्यापकांनाच प्रशिक्षक म्हणून फुकट राबवणे ही त्या भाराची पुढची पायरी ठरते. या कामाचे तास कार्यभारात धरणे आणि मूल्यमापनात त्याला गुण देणे, हा त्यावरचा साधा इलाज आहे.

राजकीय वादही तीव्र आहेत. ब्रिटिश सरकारने 2020च्या डिसेंबरमध्ये नागरी सेवेतील नकळत पूर्वग्रहांचे प्रशिक्षण बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. टेक्सस राज्याने 2023मध्ये केलेल्या आणि 1 जानेवारी 2024 पासून लागू झालेल्या कायद्याने सार्वजनिक विद्यापीठांतील विविधता कार्यालयांवर आणि सक्तीच्या विविधता प्रशिक्षणावर बंदी आणली. असे प्रशिक्षण विशिष्ट विचारसरणी लादते, असे विरोधकांचे म्हणणे आहे. एखाद्या सत्रात श्रोत्यांना जन्मावरून दोषी ठरवले जात असेल, तर त्या सत्रावरची टीका योग्यच आहे. पण कार्यालयच बंद केले, की तक्रार कुठे द्यायची, चाकाच्या खुर्चीसाठी उताराचा मार्ग कोणी बांधून घ्यायचा आणि बढत्यांचे आकडे कोणी तपासायचे, हे प्रश्न तसेच राहतात आणि त्यांचा भार पुन्हा सोसणाऱ्यावरच येतो.

अंमलबजावणीतला सर्वांत कच्चा दुवा कंत्राटी मनुष्यबळाचा आहे. स्वच्छता, सुरक्षा, भोजनगृह आणि आता बरेचसे अध्यापनही कंत्राटी किंवा तासिका तत्त्वावर चालते. ही माणसे विद्यापीठाच्या पटावर नसल्यामुळे प्रशिक्षणाच्या यादीत त्यांची नावे येत नाहीत, आणि बोलावलेच तर त्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. छळाची तक्रार करण्याचा धोका त्यांच्यासाठी सर्वांत मोठा असतो, कारण पुढचे कंत्राट नाकारायला कारण द्यावे लागत नाही. प्रशिक्षणाचा वेळ पगारी धरणे आणि विद्यापीठाच्या तक्रार यंत्रणेत कंत्राटी कामगारांना थेट जाता येईल अशी अट ठेकेदाराच्या करारातच घालणे, हे दोन्ही विद्यापीठ प्रशासनाच्या हातातले आहे.