पहिलं प्रेम आणि ओले तळहात

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा कपाळ, मान, पाठ सगळंच निथळतं. पण डिसेंबरच्या सकाळी, कॉलेजच्या गेटपाशी ‘ती’ किंवा ‘तो’ दिसल्याबरोबर तळहात ओले झाले, तर ते काम उन्हाचं नव्हे. तळहात-तळपायांच्या घर्मग्रंथी उष्णतेपेक्षा मनावरच्या ताणाला जास्त दाद देतात. इथे काहीतरी मोलाचं पणाला लागलंय असं मेंदूला वाटलं की अनुकंपी चेतासंस्था, म्हणजे संकटात शरीराला सज्ज करणारं मज्जातंतूंचं जाळं, जागी होते, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, कान तापतात. काही सेकंदांचा मामला.

शरीराचं एवढंच. खरी गफलत पुढे होते. हे सगळं समोरच्याला स्पष्ट दिसतंय, अशी आपली खात्री होऊन बसते.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांचा 2000 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल असं चित्र छापलेला टी-शर्ट घालून त्याला खोलीभर मुलांसमोर पाठवलं. किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्याचा अंदाज निम्म्यांच्या आसपास होता. प्रत्यक्षात ओळखलं साधारण पाव जणांनी. कारण सोपं आहे. आपण मोजायला सुरुवात स्वतःच्या अस्वस्थतेपासून करतो आणि दुसऱ्याला ती जाणवत नाही, ही वजाबाकी अपुरी करतो. किशोरवयात तर ही भावना तीव्र असते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्येच तिला ‘काल्पनिक प्रेक्षक’ म्हटलं होतं. नवी पेठेतल्या गर्दीत शर्टावरचा चहाचा डाग लपवत चालणाऱ्या मुलाभोवती असतात ते हेच प्रेक्षक.

तरुणांसाठीच्या प्रेमकथा इथे वाचकाची दिशाभूल करतात, असं आमचं मत आहे. कथा बहुतेकदा ‘मी’च्या तोंडून येते, म्हणजे वाचक त्या लाजऱ्या मुलीच्या डोक्यातच बसलेला असतो. आणि नायकाला खरोखरच सगळं दिसतं: तिचा थरथरता हात, वहीच्या कडेवरचं नाव, अडखळलेलं वाक्य. भ्रमालाच दुजोरा मिळतो. पुढे त्याचा होकार येतो आणि तिला एका रात्रीत आत्मविश्वास येतो.

आत्मसन्मान असा चालत नाही. मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी यांनी 1995 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार तो गाडीतल्या पेट्रोलच्या काट्यासारखा आहे. लोकांनी आपल्याला किती आपलंसं केलंय, याचा अंदाज तो दाखवतो. संपूर्ण काट्याची तार एकाच माणसाला जोडली, की मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा दिसूनही उत्तर न येणं एवढ्यानेही तो शून्यावर येतो. होकाराने काटा वर जातो हे खरं, पण तार तिथेच राहते आणि पुढच्या रुसव्याला पुन्हा तीच घसरण.

मग पहिलं बोलणं कसं करावं? पाच-दहा मिनिटांचंच ठेवा. टेबलावर समोरासमोर बसण्यापेक्षा सिद्धेश्वर तलावाच्या काठाने शेजारी-शेजारी चालत बोला. नजरेला नजर देण्याचा ताण उरत नाही. आधी चार-पाच श्वास असे घ्या की सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लागेल. श्वास सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. ‘शांत हो’ असं स्वतःला बजावू नका. धडधड तशीच राहते आणि वर हरल्यासारखं वाटतं. ‘मला उत्सुकता लागलीय’ म्हणणं जास्त कामाला येतं, हे 2014 च्या प्रयोगांत गाणं, भाषण आणि गणित या तिन्हींत दिसलं. एक प्रश्न विचारा आणि उत्तरातलाच धागा धरून दुसरा. आधी पाठ केलेली वाक्यं इथेच घात करतात: पुढचं वाक्य आठवण्याच्या नादात समोरचं उत्तर ऐकूच येत नाही.

घरी येऊन ‘आपण माती खाल्ली’ असं वाटेल. त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. पहिल्या भेटीनंतर आपण समोरच्याला किती आवडलो, याचा अंदाज माणसं सरासरीने कमीच बांधतात. 2018 च्या अभ्यासात हे अनोळखी जोड्यांमध्ये आढळलं. पण म्हणून नकाराचा अर्थ लाजरा होकार असा लावायचा नाही. कथांमधला पाठलाग गोड वाटतो, प्रत्यक्षात तो समोरच्याला भीती घालतो. ‘नाही’ ऐकलं की पुन्हा विचारायचं नाही, मैत्रिणीकरवी निरोपही नाही. काटा पडेल, दुखेल. त्या संध्याकाळी फोन घरी ठेवून जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर किंवा रोजच्या सरावाला जा, जिथे तार आधीपासून जोडलेली आहे.