ट्रेलर हिच

पिकअपच्या चासीला मागच्या बाजूने घट्ट बसवलेली, ट्रेलर अडकवण्याची जोडणी म्हणजे हिच. मुंबईत बोलताना तिलाही 'हूक'च म्हणतात आणि ओढून नेण्याला 'टोचन'. पण बंद पडलेली गाडी गॅरेजपर्यंत नेण्याची कडी वेगळी आणि हिच वेगळी. कडीवर फक्त ओढ येते. हिचवर ओढ येते, ब्रेक मारला की मागून धक्का येतो आणि ट्रेलरच्या टोकाचे वजन तर उभ्या गाडीतही बसलेले असते. म्हणून टोचनाच्या कडीला ट्रेलर लावत नाहीत.

शहरात हिचला लागतात ती मुख्यतः कामाची ओझी: रस्त्याच्या कामावरचा कॉम्प्रेसर, चाकांवरचा जनरेटर, लाइट टॉवर आणि किनाऱ्यावर जेट स्की किंवा छोटी बोट. यातल्या अनेक कॉम्प्रेसर-जनरेटरच्या दांड्याला टोकाशी लोखंडी रिंग असते, त्यामुळे त्यांना गोळ्याची हिच चालत नाही, वरून जबडा बंद होणारा पिंटल हूक लागतो. नुसत्या उभ्या पिनेत रिंग अडकवली तर ती पुढेमागे आदळत राहते, पिन झिजते आणि ती निसटू नये म्हणून घातलेली कॉटर पिन कधी गळून पडली ते कळतही नाही. हिच घेण्यापूर्वी ट्रेलरचे तोंड पाहून यावे.

गोळ्याच्या हिचचे तीन भाग असतात. चासीला बोल्ट होणारी आडवी फ्रेम, तिच्यातली चौकोनी नळी म्हणजे रिसीव्हर, आणि रिसीव्हरमध्ये सरकणारा, गोळा म्हणजे बॉल धरणारा बॉल माउंट. पिकअपसाठी २ इंची रिसीव्हर घेतात. त्याची पिन ५/८ इंच म्हणजे सुमारे १६ मिमी जाडीची असते. सव्वा इंची रिसीव्हर हलक्या गाड्यांसाठी आहे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो बॉलच्या मापाचा. युरोपीय पद्धतीचा बॉल ५० मिमी, अमेरिकन पद्धतीचा २ इंच म्हणजे ५०.८ मिमी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. ५० मिमीचा कपलर, म्हणजे ट्रेलरच्या दांड्याचे बॉलवर बसणारे तोंड, ५०.८ च्या बॉलवर नीट बसत नाही. लॅच अर्धवट लागते आणि लागल्यासारखी दिसते. उलट जोडीत खेळ राहतो, प्रत्येक ब्रेकला ठोका बसतो आणि मोठ्या खड्ड्यात कपलर उडू शकतो. माप बॉलवर आणि कपलरवर कोरलेले असते; पुसले असेल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजावे. ५० मिमीचा बॉल झिजून कुठेही ४९ मिमी भरला की तो बदलावा.

फ्रेम बसते ती चासीच्या लांब पट्ट्यांना, शक्यतो कंपनीने सोडलेल्या भोकांतून, ८.८ किंवा १०.९ ग्रेडच्या बोल्टने आणि टॉर्क पान्याने. पहिल्या १०० किमीनंतर बोल्ट पुन्हा कसावेत. बंपरला प्लेट वेल्ड करून तिच्यावर बॉल बसवून देणारे कारागीर सहज मिळतात, कामही तासाभरात होते. पण बंपर हा चासीचा भाग नव्हे. चासीच्या पट्ट्यांवर थेट वेल्डिंग करणेही बरे नाही, कारण तापलेल्या पट्टीला तडा जायचा तो बहुधा वेल्डच्या कडेने जातो. शिवाय बॅटरी न काढता वेल्डिंग केले तर इलेक्ट्रॉनिक कंट्रोल जळू शकतात.

किती ओढता येईल हे हिचवरच्या आकड्यावरून ठरत नाही. पिकअपच्या पुस्तिकेतली ओढण्याची मर्यादा, हिच, बॉल, कपलर आणि ट्रेलरचे टायर यांतला सर्वांत लहान आकडा खरा. ३.५ टनांची हिच बसवली म्हणून १ टनाची मर्यादा असलेली गाडी ३.५ टन ओढत नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर युरोपात भरलेल्या वजनाची कमाल मर्यादा ७५० किलो आहे. आपल्या उतारांवरही हा आकडा ओलांडू नये.

टोकाचा भार हा या विषयाचा गाभा. ट्रेलरचा दांडा बॉलवर जितका खाली दाबतो तितका हा भार, आणि पिकअपच्या बाबतीत तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के धरतात. १,२०० किलोच्या ट्रेलरला १२० ते १८० किलो. भार कमी पडला, म्हणजे माल मागे लादला, की ट्रेलर शेपटीसारखा डुलू लागतो आणि वेगाबरोबर डुलणे वाढते. जास्त झाला तर पिकअपचे नाक उचलते. समजा, गाडीच्या दोन्ही अ‍ॅक्सलमध्ये ३ मीटर अंतर आहे आणि बॉल मागच्या अ‍ॅक्सलच्या १.२ मीटर मागे आहे. १५० किलोच्या भाराने पुढचा अ‍ॅक्सल ६० किलोने हलका होतो आणि मागच्यावर २१० किलो वाढतात. स्टिअरिंग हलके वाटते, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. हा भार पिकअपच्या मालवाहू क्षमतेतूनच वजा होतो, हौदा काठोकाठ भरून वर ट्रेलर लावणारे इथेच चुकतात.

मोजायला घरचा वजनकाटा पुरतो. ट्रेलर सपाट जागी, माल भरून, दांडा बॉलच्या उंचीवर ठेवायचा आणि कपलरखाली लाकडाचा ठोकळा देऊन काट्यावर टेकवायचा. काट्याची क्षमता कमी असेल तर एका टोकाला वीट, दुसऱ्या टोकाला काटा आणि त्यांवर फळी ठेवावी. दांडा विटेपासून १ फुटावर, काट्यापासून २ फुटांवर टेकवावा आणि आकड्याला ३ ने गुणावे. भार जमेना तर माल पुढेमागे सरकवावा.

भरलेला ट्रेलर जमिनीला समांतर चालला पाहिजे. समांतर उभ्या ट्रेलरच्या कपलरची आणि रिसीव्हरची उंची मोजून जो फरक येईल तितका खाली किंवा वर जाणारा बॉल माउंट घ्यावा. उंच पिकअपला बहुधा खाली जाणारा लागतो.

दिव्यांसाठी ७ पिनांचे सॉकेट असते. प्रचलित रचनेत पिवळी तार डाव्या इंडिकेटरची, हिरवी उजव्याची, लाल ब्रेकची, तपकिरी आणि काळी अनुक्रमे उजव्या-डाव्या टेल लाइटची, निळी मागच्या फॉग लाइटची आणि पांढरी अर्थिंगची. इंडिकेटर दिला आणि सगळेच दिवे लुकलुकले तर आधी पांढरी तार तपासावी. पावसाळ्यात दहातले बहुतेक बिघाड तिथलेच. नव्या पिकअपमध्ये तारा सोलून जोडू नयेत, गाडीच्या तारांवर भार न टाकता ट्रेलरचे दिवे चालवणारे रिले मॉड्यूल घालावे.

जोडताना कपलर बॉलवर उतरवून लॅच लावावी, पिन घालावी आणि मग दांड्याचा जॅक वर फिरवावा. गाडीचा मागचा भाग २–३ सेंटिमीटर उचलला गेला तर जोडणी पक्की. नुसते हाताने हलवून कळत नाही. दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवर फुली करून लावाव्यात, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा रस्त्यात रुतत नाही.

ट्रेलर डुलू लागला तर ॲक्सिलरेटर सोडावा, स्टिअरिंग सरळ धरावे. जोरात ब्रेक मारणे किंवा वेग वाढवून तो सरळ करू पाहणे, दोन्ही घातक. खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून उतरावे. मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा: हात ज्या दिशेला, ट्रेलर त्या दिशेला. आखूड ट्रेलर फार लवकर दुमडतो.

मोटार वाहन अधिनियम १९८८ नुसार ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे. त्याची आरटीओत नोंदणी लागते आणि ओढणाऱ्या गाडीचा क्रमांकही ट्रेलरवर दिसावा लागतो.

बोटीच्या ट्रेलरचे खाऱ्या पाण्याशी वैर. धावून तापलेले हब, म्हणजे चाकाचा बेअरिंग असलेला मधला भाग, लगेच पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि बेअरिंगमध्ये समुद्र शिरतो. त्यामुळे अर्धा तास थांबावे, दिव्यांचा प्लग काढावा, मगच मागे घ्यावे. ओहोटीला उघड्या पडलेल्या उतारावर शेवाळ असते. चार चाकांची ओढ नसलेली रिकामी पिकअप तिथे चाके फिरवत खाली घसरते. परतल्यावर हब, बॉल आणि रिसीव्हरची नळी गोड्या पाण्याने धुवावी, बॉल माउंट काढून ठेवावा. तो तसाच राहिला तर एका पावसाळ्यात नळीत गंजून बसतो.