गांडूळ तोडलं की दोन होत नाहीत

"सर, तोडलं तर दोन होतील ना?" रावेरकडच्या एका शाळेत परसबागेच्या तासाला सातवीतल्या मुलाने विचारलं, आणि खुरप्याने तोडलंही. हा जुना समज चुकीचा आहे. गांडुळाच्या तोंडाकडच्या भागावर वेगळ्या रंगाचा जाडसर पट्टा असतो. त्याच्या बऱ्याच मागे तुटलं, तर पुढचा तुकडा कधीकधी जगतो, शेपूट पुन्हा वाढते. मागचा तुकडा बहुतेक जातींत काही वेळ वळवळतो आणि मरतो. ती वळवळ पाहूनच माणूस फसतो.

गांडुळांची संख्या वाढते ती कोशांतून, म्हणजे अंडी असलेल्या बारीक पिशव्यांतून. खतात सोडतात त्या गांडुळांचे कोश ज्वारीच्या दाण्याएवढे, लिंबाच्या आकाराचे. मुलांना ते दाखवायचे तर केळीची खोडं जाळू नका, सावलीत कुजवा, ओल राखा, शेणखत घाला, गांडुळं सोडा. महिन्याभराने मुलांना तिथे बसवून कोश शोधायला लावा.