लाल रंग आला नाही, म्हणजे हाड नाही?

औषधामुळे कोंबडीच्या भ्रूणाच्या सांगाड्यात जन्मजात व्यंग आलं का, हे शोधताना अल्शियन ब्लू आणि अलिझरिन रेड हे दोन रंग एकाच भ्रूणावर पाठोपाठ चढवतात. जोडीनं येतात म्हणून त्यांचं काम एकच समजलं जातं, आणि तिथेच निदान चुकतं. अल्शियन ब्लू कास्थीतल्या (म्हणजे हाडाआधी घडणाऱ्या लवचिक कुर्चेतल्या) सल्फेटयुक्त शर्करांच्या साखळ्यांना धरतो, अलिझरिन कॅल्शियमला. हाडाचा आराखडा पडला का, हे निळ्यावरून कळतं. त्यात क्षार साठले का, हे लालवरून.

उबवणीच्या 10व्या दिवसाचा पाय बघा. मांडीच्या हाडाचा मधला भाग लाल, दोन्ही टोकं निळी. बोटं अजून बरीचशी निळीच असतात, त्यामुळे पेरं मोजायची ती निळ्यावरच. कोंबडीच्या पायाला साधारणपणे चार बोटं आणि त्यांत अनुक्रमे 2, 3, 4 आणि 5 पेरं असतात. एखादं पेर गायब असेल किंवा दोन जुळलेली असतील, तर ते इथे दिसतं. पाचवं बोट दिसलं तर आधी जात विचारा. सिल्की कोंबड्यांत ते असतंच.

कवटीच्या छताचं गणित मात्र उलटं. ती हाडं कास्थीच्या टप्प्यातून न जाता थेट पटलातून, म्हणजे पातळ पडद्यातून, बनतात. तिथे निळं नसणं हे व्यंग नव्हे.

खरी गफलत होते ती लाल रंग फिका आल्यावर. हाड घडलंच नसेल, किंवा भ्रूणाची वाढ नुसती मागे पडली असेल. तिसरी शक्यता मला सगळ्यात घातक वाटते: अल्शियन ब्लूच्या द्रावणात अ‍ॅसेटिक आम्ल असतं, आणि भ्रूण त्यात जास्त वेळ राहिला तर कॅल्शियमच विरघळून जातं. मग निरोगी भ्रूणही सदोष ठरतो. म्हणून औषध न दिलेले भ्रूण त्याच भांड्यात, तितकाच वेळ ठेवायला हवेत. तुलनाही उबवणीच्या दिवसांवर नको. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या भ्रूणशास्त्रज्ञांनी 1951 साली ठरवलेल्या कोंबडीच्या भ्रूणवाढीच्या 46 अवस्थांपैकी एकाच अवस्थेतले भ्रूण शेजारी ठेवा. एकाच दिवशी उबवायला ठेवलेली अंडीसुद्धा पुढेमागे वाढतात.

हृदय, डोळे, उघडी राहिलेली पोटाची भिंत यांची तपासणी रंगवण्याआधीच उरकावी. कारण रंगवण्यासाठी आतडी-काळीज आधीच काढून टाकतात, आणि उरलेलं मांस पुढे पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पारदर्शक होत जातं.