सिद्ध झालं, पण कळलं का?

दहावीच्या भूमितीत प्रमेय लिहायची चौकट ठरलेली असते : पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. बरीच मुलं पायथागोरस पाठ करून पेपरात उतरवतात. पायऱ्या बरोबर असतात, मार्कही पूर्ण पडतात; पण प्रमेय कळलं का, हे त्यावरून सांगता येत नाही. यंत्राला माणसासारखं गणित येतं का, हा वाद जवळजवळ ७० वर्षं याच जागी घोटाळतो आहे.

यंत्रांची सुरुवातही पुस्तकातल्या प्रमेयांपासूनच झाली. १९५६ साली न्यूएल, सायमन आणि शॉ या अमेरिकी त्रयीच्या 'लॉजिक थिअरिस्ट' या प्रोग्रामनं रसेल-व्हाइटहेड यांच्या 'प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका' या, तर्काच्या पायावर गणित उभारणाऱ्या ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातल्या पहिल्या ५२ प्रमेयांपैकी ३८ सिद्ध केली. एकाची सिद्धता तर मूळ ग्रंथातल्यापेक्षा आटोपशीर निघाली. दुसरीकडे, अंकगणित सामावणाऱ्या कुठल्याही सुसंगत नियमसंचात काही खरी विधानं सिद्ध न होता उरतातच, या गोडेलच्या १९३१ च्या प्रमेयावर बोट ठेवून जॉन लुकस यांनी १९६१ मध्ये आणि रॉजर पेनरोज यांनी १९८९ मध्ये 'मन यंत्रात मावणार नाही' असा युक्तिवाद मांडला. तत्त्वज्ञांचा तो वाद अजून मिटलेला नाही. गणितज्ञांच्या घरात भांडण लागलं ते मात्र नकाशा रंगवण्यावरून.

१८५२ मध्ये फ्रान्सिस गथ्री हा तरुण इंग्लंडमधल्या काउंट्यांचा नकाशा रंगवत होता. शेजारच्या दोन काउंट्यांना एकच रंग द्यायचा नाही, एवढाच नियम. त्याचं चार रंगांत भागलं. मग कुठल्याही नकाशाचं भागेल का? भावामार्फत हा प्रश्न लंडनचे प्राध्यापक ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे गेला (हे गृहस्थ जन्मानं मदुराईचे). १८७९ मध्ये आल्फ्रेड केम्प या वकिलानं सिद्धता दिली, ती सगळ्यांना पटली, आणि ११ वर्षांनी पर्सी हीवुड यांनी तिच्यातली चूक काढली. यंत्रावर संशय घेताना माणसांच्या नजरेतून ११ वर्षं निसटलेली ही चूकही आठवावी.

१९७६ मध्ये इलिनॉय विद्यापीठात केनेथ अ‍ॅपल आणि वुल्फगँग हाकेन यांनी प्रश्न सोडवला. दोन हजारांच्या आतली नकाशाच्या तुकड्यांची एक यादी त्यांनी केली. कुठल्याही नकाशात यातला एक तरी तुकडा सापडतोच, आणि जिथे असा तुकडा आहे तिथे चार रंगांचा प्रश्न आणखी लहान नकाशावर ढकलता येतो. तुकड्यागणिक ही तपासणी कॉम्प्युटरनं हजाराहून जास्त तास केली. विद्यापीठाच्या टपालावर 'चार रंग पुरतात' असा शिक्का पडू लागला. पण हाकेन यांच्या मुलानं या सिद्धतेवर व्याख्यान दिलं तेव्हा श्रोत्यांत वयावरून दोन तट पडले, असं सांगतात. चाळिशीच्या वरच्यांचा कॉम्प्युटरच्या भागावर विश्वास बसेना. चाळिशीच्या आतल्यांना हातानं केलेल्या शेकडो पानांची धास्ती. मला विचाराल तर तरुणांची शंका जास्त रास्त होती. तरी वडीलधाऱ्यांचं दुखणंही खरं होतं : चारच रंग का पुरतात, हे वाचून कुणाला उमगत नव्हतं.

पुढचं प्रकरण फळवाल्याच्या गाडीवरचं. संत्री रचतात तशी रचण्यापेक्षा गोळे जास्त दाटीनं बसत नाहीत, असं केप्लरनं १६११ मध्ये म्हटलं होतं. टॉमस हेल्स यांनी १९९८ मध्ये ते सिद्ध केलं, तेही कॉम्प्युटरच्या मदतीनं. परीक्षकांनी वर्षानुवर्षं कागद तपासले आणि '९९ टक्के खात्री' कळवली. त्या एका टक्क्यासाठी हेल्स यांनी सगळी सिद्धता यंत्राकडून पायरीपायरीनं तपासून घेतली; ते काम २०१४ मध्ये संपलं. चार रंगांचं तसंच काम जॉर्ज गोंतिए यांनी २००५ मध्येच केलं होतं.

अशा तपासनीस प्रोग्रामांपैकी 'लीन' आज शिकणाऱ्यांपर्यंत पोचला आहे. त्यावरच्या 'नॅचरल नंबर गेम'मध्ये अ + ब = ब + अ हेसुद्धा शून्यापासून सिद्ध करावं लागतं. फळ्यावर खपून जाणारं 'हे उघडच आहे' इथे चालत नाही. फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळवलेले पीटर शोल्झ यांनाही आपल्याच एका प्रमेयाबद्दल धाकधूक होती. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी ते लीनवाल्यांपुढे ठेवलं आणि जुलै २०२२ मध्ये ते पूर्ण तपासून झालं.

मग यंत्र परीक्षेलाच बसलं. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडचे (१९९६ मध्ये ते मुंबईत भरलं होतं) २०२४ चे प्रश्न गूगल डीपमाइंडच्या यंत्रणेनं सोडवले आणि ४२ पैकी २८ गुण, म्हणजे रौप्यपदकाइतके, मिळवले. सुवर्ण एका गुणानं हुकलं. मुलांना दोन दिवस रोज साडेचार तास मिळतात; यंत्राला एका प्रश्नासाठी तीन दिवसही लागले, आणि प्रश्न लीनच्या भाषेत माणसांनी उतरवून दिले होते. २०२५ मध्ये त्या सवलती गेल्या, वेळ मुलांइतकाच, आणि गुण ३५ : सुवर्ण. सहापैकी पाच प्रश्न पुरे सुटले.

अडला तो सहावा. २०२५ बाय २०२५ चौकटींच्या पटावर आयताकृती फरश्या अशा बसवायच्या की प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात नेमकी एकच चौकट उघडी राहील. कमीत कमी फरश्या किती? उत्तर २११२. त्या वर्षी पाच मुलांना पैकीच्या पैकी मिळाले.