खलनायकाच्या बालपणाबद्दल एक खुलासा

सिंधुदुर्गात जत्रांचे दिवस आले की दशावतारावरच्या गप्पांत एक समज हमखास निघतो: लहानपणी छळ झाला की माणूस दुष्ट होतोच. हे खरं नाही. महाभारताचीच आख्यानं बघा. जन्मताच नदीत सोडलेला, भर सभेत हिणवलेला कर्ण दानशूर ठरला. राजवाड्यात लाडात वाढलेल्या दुर्योधनाने मात्र पोरवयातच भीमाला विष घातलं! द्यूतसभेत कर्णही घसरला, पण तिथे गप्प राहणं त्याच्या हातात होतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ कॅथी विडम यांच्या १९८९च्या अभ्यासात छळ वा हेळसांड सोसलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के मुलांना अल्पवयात अटक झाली होती. तुलनेतल्या इतर मुलांत हे प्रमाण १७ टक्के. धोका वाढतो, नक्कीच. तरी चारांतल्या तिघांवर ती वेळ आली नाही.